कलाशाखा आणि चार बले

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला अणूच्या पोटात काय आहे हे कळून काय उपयोग, असा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर आधीच ठरून गेलेले आहे, म्हणून तो विचारण्याची वेळच येत नाही. संतवाङ्मय, मागणी-पुरवठ्याचा नियम, ग्रामपंचायतीची रचना हे आपले. आणि प्रोटॉन, क्वार्क, न्यूट्रिनो हे ‘त्यांचे’, अशी वाटणी केव्हाच होऊन गेली आहे. घरच्या भावाभावांत वाटणी होते तेव्हा निदान पंच तरी बसतात. ही वाटणी मात्र आपल्याला न विचारताच झाली आणि आपण ती मुकाट्याने मान्य केली.

मला ही वाटणी मान्य नाही. निसर्गात मूलभूत बले किती, ती काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे चार माणसांना कळेल अशा मराठीत सांगता येणे, हे काम विज्ञानशाखेइतकेच कलाशाखेचेही आहे. किंबहुना काकणभर अधिकच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पटवून देण्याचा प्रयत्न या लेखात करतो.

प्रथम आपण कलाशाखेत कसे आलो ते पाहू. आवडीने आलेले काहीजण आहेतच. त्यांच्याबद्दल प्रश्न नाही. पण अमडापूरच्या पंचक्रोशीतून या वर्गांत येऊन बसलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणांची हकीकत वेगळी आहे. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत होते आणि ते कळत होते. अकरावीला तेच विज्ञान एकाएकी इंग्रजीत बोलू लागले. काल ज्याला ‘बल’ म्हणत होतो त्याला आज ‘फोर्स’ म्हणायचे, ज्याला ‘त्वरण’ म्हणत होतो त्याला ‘ॲक्सिलरेशन’. त्यातच शहरातील शिकवणीवर्गांची फी ऐकली की घरची माणसे खाली मान घालतात. मग मुलगा म्हणतो, “आर्ट्स बरं.” मीही त्यांतलाच एक. माझी तक्रार कोणा एका शाळेवर किंवा शिक्षकावर नाही. परंतु ज्याला आपण ‘नावड’ म्हणतो ती पुष्कळदा केवळ भाषेची अडचण असते, एवढे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

आता मूळ विषयाकडे वळू. सृष्टीत जे जे काही घडते, म्हणजे ढग गडगडतो, आंबा खाली पडतो, चूल पेटते, हृदय धडधडते, सूर्य तापतो, त्या साऱ्याच्या मुळाशी आजच्या भौतिकशास्त्राला फक्त चार बले दिसतात. गुरुत्वबल, विद्युतचुंबकीय बल, प्रबळ बल आणि क्षीण बल.

पहिले गुरुत्वबल. ते आपल्या ओळखीचे. हातातला दगड सुटला की तो पायावर पडतो, हे त्याचेच काम. हे बल सर्वांत मोठे असावे असे आपल्याला वाटते, कारण पृथ्वीला सूर्याभोवती फिरविणारे तेच. पण गंमत अशी की चौघांमध्ये सर्वांत दुबळे तेच आहे. जमिनीवर पडलेली टाचणी एका लहानशा लोहचुंबकाने उचलून पाहा. एका बाजूने साऱ्या पृथ्वीचे गुरुत्व तिला खाली ओढत आहे आणि दुसऱ्या बाजूने बोटभर लांबीचा चुंबक वर ओढत आहे. आणि जिंकतो तो चुंबक. दोन प्रोटॉन एकमेकांना विद्युतबलाने दूर ढकलतात. त्याच दोन प्रोटॉनांमध्ये गुरुत्वाचे आकर्षणही असते. या दोन बलांची तुलना केली तर पहिले दुसऱ्याच्या एकावर छत्तीस शून्ये इतके पट भरते.

दुसरे विद्युतचुंबकीय बल. थंडीच्या कोरड्या दिवसांत टेरिकॉटचे कपडे अंगाला चिकटतात आणि काढताना चटचट वाजतात, ते या बलाचे. वीज, प्रकाश, लोहचुंबक, रेडिओच्या लहरी, मोबाइल हे सारे त्याचेच कुटुंब. इतकेच नव्हे, तर चिखली-खामगाव एस.टी.च्या बाकावर बसलेले आपण बाकातून खाली घसरून जात नाही, याचेही मुख्य कारण हेच. आपल्या अंगातील अणूंमधले इलेक्ट्रॉन आणि बाकातील इलेक्ट्रॉन एकमेकांत शिरू शकत नाहीत. अन्नाची चव, औषधाचा गुण, जळणाची धग, सारी रसायने या एका बलाच्या हुकमतीत चालतात.

तिसरे प्रबळ बल. ते अणूच्या केंद्रकात राहते. केंद्रकात प्रोटॉन दाटीवाटीने बसलेले असतात आणि सर्वांवर धन विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, हे तर आपण शाळेत शिकलो. मग ते केंद्रक फुटून का जात नाही? कारण प्रबळ बल त्यांना जखडून ठेवते. ते विद्युतबलाच्या सुमारे शंभर पट आहे, पण त्याचा पल्ला अगदीच आखूड. एका मीटरचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले, तर त्यांतील एक-दोन भागांएवढा. त्या उंबऱ्याबाहेर त्याचे काही चालत नाही. प्रोटॉनही एकसंध नाही. त्याच्या आत तीन क्वार्क आहेत आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन आहेत. त्या तीन क्वार्कांच्या वस्तुमानाची बेरीज केली तर ती प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या शंभरांत एखादाच हिस्सा भरते. बाकीचे बहुतेक सारे वस्तुमान म्हणजे त्या बांधणीतील ऊर्जा. तागडीत बसलेला साठ किलोचा माणूस मुख्यतः या बांधणीच्या ऊर्जेपायी साठ किलोचा भरतो, हे ऐकल्यावर ‘आपण कशाचे बनलेलो आहोत’ हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाच्या तासाला सोडून देता येईल काय?

चौथे क्षीण बल. नाव क्षीण, पण काम मोठे. हे बल एका प्रकारच्या कणाचे दुसऱ्या प्रकारच्या कणात रूपांतर करते. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो किंवा प्रोटॉनचा न्यूट्रॉन. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनपासून हेलियम तयार होतो; त्याची पहिली पायरी अशी की दोन प्रोटॉन एकत्र येत असतानाच त्यांतील एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो. ते काम क्षीण बलाचे. हे बल क्षीण असल्यामुळे ही घटना फार क्वचित घडते, आणि म्हणूनच सूर्य आपले जळण पुरवून पुरवून वापरतो. सुमारे ४६० कोटी वर्षे तो जळतो आहे. त्याच्या गाभ्यात तयार झालेले न्यूट्रिनो नावाचे कण आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे सहा हजार कोटी इतक्या संख्येने आरपार जातात. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. कारण न्यूट्रिनोला विद्युतबल लागू नाही, प्रबळ बल लागू नाही आणि क्षीण बल तर क्षीणच.

हे सारे दूरच्या देशातील प्रयोगशाळांचे वैभव आहे, आपल्या बुलडाणा जिल्ह्याशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्यांनी लोणारकडे पाहावे.

लोणारचे सरोवर आपण सर्वांनी सहलीत पाहिले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बाहेरून आलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या बेसॉल्ट खडकात पडले, हे आता निर्विवाद मानले जाते. लवणासुराची कथाही आपल्याला ठाऊक आहे. पण हे विवर किती जुने? पूर्वीच्या एका मापनातून ते सुमारे ५२ हजार वर्षे जुने असावे, असा अंदाज निघाला होता. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे सांगितले. एवढा फरक पडला तो कोणत्या घड्याळामुळे? ते घड्याळ म्हणजे क्षीण बल.

ते घड्याळ असे चालते. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू किरणोत्सारी जातीचा असतो. त्याला पोटॅशियम-४० म्हणतात. क्षीण बलामुळे त्यातील काही अणूंचा हळूहळू आर्गॉन वायू होतो. वेग ठरलेला आहे: १२५ कोटी वर्षांत मूळच्या पोटॅशियम-४० चा निम्मा भाग बदलून जातो. अशनी आदळली तेव्हा खडक वितळला आणि त्यात साठलेला जुना आर्गॉन निसटून गेला, म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर आले. वितळलेला खडक थिजून त्याची काच झाली आणि तिच्यात नवा आर्गॉन साठू लागला. तो मोजला की किती काळ लोटला ते कळते. लोणारच्या काठावरच्या त्या काळ्या काचेत क्षीण बलाची रोजनिशी लिहिलेली आहे, आणि जगातील संशोधक ती येऊन वाचून गेले. आपण मात्र तेथे डबे खाऊन परत आलो.

हेच पोटॅशियम आपल्या अंगातही आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला पोटॅशियम-४० ची सुमारे चार हजार अणुकेंद्रके बदलत असतात. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाच्या शरीरात आता, या ओळीवर, ते चालू आहे. त्यात भिण्यासारखे काही नाही. माणसाची जात जन्मली तेव्हापासून हे असेच आहे. तात्पर्य, मूलभूत बले परगावची नाहीत.

लोणारच्या पाठोपाठ आठवते ते हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ. आपण ते ज्योतिर्लिंगासाठी ओळखतो. त्याच परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्याचे ठरले असून २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांतून धावणारा लेसरचा प्रकाश, अशी तिची रचना. अंतराळात कोठेतरी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळतात आणि अवकाशालाच लाटा सुटतात. त्या येथे पोचेपर्यंत इतक्या मंद होतात की चार किलोमीटरच्या भुजेची लांबी प्रोटॉनच्या आकाराच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी बदलते. तेवढा बदल टिपायचा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी पहिल्यांदा ती लाट टिपली. ती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली होती. दोन सूर्यांहून कितीतरी भारी पिंड आदळतात आणि तरी आपल्यापर्यंत एवढेच पोचते, म्हणून एवढे अजस्र यंत्र लागते. गुरुत्वबल चौघांत दुबळे का म्हणायचे, याचा याहून मोठा दाखला कोणता?

आता विचार करा. औंढ्याच्या बाजारात एखाद्या शेतकऱ्याने विचारले, “दादा, इथं काय बनवून राह्यले?” तर त्याला उत्तर कोण देणार? वेधशाळेतील शास्त्रज्ञ देतील तेव्हा देतील. पण त्याच्या शेजारी उभा असलेला पदवीधर बहुधा कलाशाखेचा असेल. त्याला उत्तर देता आले नाही, तर उत्तराची जागा अफवा घेते. अफवेला पदवी लागत नाही.

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. विज्ञान शब्दांनी चालते. गणित हा त्याचा कणा आहे हे खरेच. परंतु नवी वस्तू सापडली की तिला नाव लागते, आणि नाव ठेवणे हा भाषेचा व्यवहार आहे. याची काही उदाहरणे पाहा.

डॉ. होमी भाभा यांचा जन्म १९०९ साली मुंबईत झाला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीसंबंधीचा त्यांचा शोधनिबंध १९३६ साली प्रसिद्ध झाला आणि त्या प्रक्रियेला आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखतात. पुढे विश्वकिरणांत एक नवा कण आढळला. इलेक्ट्रॉनपेक्षा जड आणि प्रोटॉनपेक्षा हलका, म्हणून त्याला ‘मेसॉट्रॉन’ म्हणू लागले. १९३९ साली भाभांनी लिहिले की हा शब्दच चुकीचा आहे. ‘मेसॉस’ म्हणजे ‘मधला’ या ग्रीक शब्दात ‘ट्र’ नाही. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन या शब्दांतील ‘ट्र’ त्यांच्या मूळ धातूतला आहे, तो येथे उगाच आला. तेव्हा ‘मेसॉन’ म्हणावे. जगाने पुढे ‘मेसॉन’च म्हटले. अणुशक्तीच्या कारभाराचा पाया घालणारा हा माणूस एका प्रत्ययासाठी वाद घालतो, हे आपल्या व्याकरणाच्या तासाला सांगण्यासारखे नाही काय?

दुसरे उदाहरण ‘क्वार्क’ या शब्दाचे. १९६४ साली मरे गेल-मान यांनी प्रोटॉनच्या आतील कणांची कल्पना मांडली आणि त्यांच्या नावाचे लेखन जेम्स जॉइसच्या ‘फिनेगन्स वेक’ या कादंबरीतून उचलले. पदार्थाच्या मुळाशी असलेल्या कणाला नाव हवे होते, ते मिळाले एका दुर्बोध कादंबरीत. तिसरे उदाहरण सत्येंद्रनाथ बोस यांचे. ज्या कणांना आज ‘बोसॉन’ म्हणतात ते त्यांच्या नावावरून; २०१२ साली सापडलेला हिग्ज बोसॉन त्याच कुळातला. त्याच बोसांनी १९४८ साली कलकत्त्यात बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली, ती बंगालीतून विज्ञान सांगण्यासाठी.

आणि आपल्या घरचे उदाहरण तर त्याहून जवळचे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली. तिचे नाव ‘कृष्णविवर’. बक्षीस मिळाल्यावर उलगडा झाला की लेखक डॉ. जयंत विष्णु नारळीकर आहेत. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ मराठीत कथा लिहितो, आणि ओळखीचा लाभ मिळू नये म्हणून नाव लपवून लिहितो. पुढे ते नाशिकला २०२१ साली झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी ते गेले. विज्ञानाच्या घरातून साहित्याच्या घरात आलेली अशी माणसे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण साहित्याच्या घरातून विज्ञानाच्या घरात डोकावायला कोण गेले, असे विचारले तर आपल्याला मान खाली घालावी लागेल.

पुण्याच्या डॉ. रोहिणी गोडबोले हुजूरपागा शाळेत आणि सर परशुरामभाऊ महाविद्यालयात शिकल्या आणि मूलकणांच्या शास्त्रात जगाने दखल घ्यावी असे काम करून २०२४ साली गेल्या. भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या जीवनकथांचे पुस्तक सिद्ध करण्यातही त्यांचा वाटा होता. त्यांचे चरित्र आपल्या किती विद्यार्थिनींना ठाऊक आहे? मराठीच्या विद्यार्थिनीने ते लिहावे, अशी माझी सूचना आहे. त्याला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. थोडी जिज्ञासा आणि स्वच्छ गद्य लागते.

हा झाला अभिमानाचा भाग. पण शब्द नेमका नसला तर माणसाचे नुकसान होते, ते कसे हेही सांगितले पाहिजे. शाळेच्या मराठी पुस्तकांत तीन शब्द वेगवेगळे शिकविले जातात. बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता. शक्ती म्हणजे ते कार्य किती झपाट्याने होते ते. शाळा सुटली की हे तिन्ही शब्द आपण एकाच पोत्यात भरतो. देवीची शक्ती, विचारांची ऊर्जा, मनाचे बल, अणुशक्ती, सकारात्मक ऊर्जा! बल्लाळदेवीपुढे हात जोडताना आपण ‘शक्ती’ म्हणतो तो श्रद्धेचा शब्द आहे. त्याला माझा काडीचाही विरोध नाही. भाषेत शब्दाला दोन-तीन अर्थ असायचेच. विरोध आहे तो एका अर्थाचे नाणे दुसऱ्या बाजारात खपविणाऱ्यांना.

गेल्या वर्षी आमच्या काकूने गळ्यात घालायचे एक पदक विकत घेतले. विकणारा टाय लावून आला होता. या पदकातून ‘क्वांटम ऊर्जा’ बाहेर पडते आणि ती गुडघ्यात शिरते, असे त्याने सांगितले. पोतेभर सोयाबीनचे पैसे त्यात गेले. काकू म्हणाली, “पयले चार दिवस मले बरं वाटून राह्यलं होतं बाप्पा.” पाचव्या दिवशी गुडघा पुन्हा दुखू लागला. काकू अडाणी नाही. दहा एकरांचा हिशेब तोंडी ठेवते. तिच्याजवळ नव्हता तो एक प्रश्न. तो प्रश्न असा: “चारांपैकी कोणते बल?”

हा प्रश्न वाटतो त्याहून फार कामाचा आहे. गुरुत्वबल म्हणाल, तर बोटभर पदकाचे गुरुत्व गुडघ्यावर काय परिणाम करणार? विद्युतचुंबकीय म्हणाल, तर मोजायला साधी उपकरणे आहेत, मोजून दाखवा. प्रबळ बल म्हणाल, तर ते अणुकेंद्रकाचा उंबरा ओलांडीत नाही. क्षीण बल म्हणाल, तर त्याचा पल्ला केंद्रकाहूनही आखूड. आणि पदकात किरणोत्सारी द्रव्य असेल, तर ते गळ्यात घालायची वस्तू नव्हे. पाचवे बल म्हणाल, तर महाराज, ते आधी जगाला सिद्ध करून दाखवा. स्टॉकहोमला तुमची वाट पाहत असतील! चार बलांची नावे पाठ असणाऱ्या बाईला फसविणे अवघड आहे. अंधश्रद्धेविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१३ साली केला, आणि तो करण्यासाठी झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी प्राण गमवावे लागले. कायदा गुन्हा घडल्यावर येतो. नेमका शब्द आधी पोचू शकतो.

या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला आमच्या विज्ञानशाखेतील मित्रांचा: “गणित आल्याशिवाय पुंजयामिकी कळत नाही, तुमचे कळणे वरवरचे.” हा आक्षेप खोटा नाही. समीकरण सोडविणाऱ्याला जे दिसते ते मला दिसणार नाही. पण गाता येत नाही म्हणून कोणी कीर्तनाला जायचे थांबत नाही, आणि टाळ धरता येत नाही म्हणून वारीतून परत फिरत नाही. मर्यादा सांभाळून कळलेलेही कळणेच असते. मर्यादा कोठे आहे हे ठाऊक असणे हा त्या कळण्याचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक धूर्त आहे. “विज्ञानाला तरी सगळे कोठे कळले आहे? उद्या पाचवे बल सापडेल!” सापडेलही. गुरुत्वबल अजून बाकीच्या तिघांच्या पंगतीत बसलेले नाही. त्याचा वाहक कण सापडलेला नाही. विश्वातील बरेचसे द्रव्य अदृश्य आहे आणि ते कशाचे बनले आहे याचा शोध चालू आहे. पण शोधणाऱ्यांची रीत पाहा. १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोल उतरले आणि विश्वकिरणांनी वातावरणात निर्माण केलेल्या न्यूट्रिनोंची चाहूल त्यांनी घेतली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील खाणीतही दुसऱ्या गटाने तेच केले. दोघांनी आपापली मापे जगापुढे ठेवली. ज्याला न कळलेल्याचा आदर आहे तो खाणीत उतरतो, मोजतो आणि इतरांना तपासू देतो. ज्याला न कळलेल्याचा धंदा करायचा आहे तो पदके विकतो. या दोघांतला फरक ओळखणे हे साक्षर माणसाचे काम आहे.

तेव्हा केवळ मत सांगून थांबत नाही. तीन गोष्टी सुचवितो, आणि प्राध्यापक मंडळींनी त्यांचा विचार करावा अशी विनंती करतो.

एक: आपल्या या वार्षिकात दरवर्षी निदान एक विज्ञानविषयक लेख कलाशाखेच्या विद्यार्थ्याने लिहावा, आणि तो छापण्यापूर्वी विज्ञानाच्या शिक्षकाने तपासावा. दोघांनी शेजारी बसून वाक्ये दुरुस्त केली, तर त्यातून दोघांचाही फायदा होईल. विज्ञानवाल्याला मराठी कळेल आणि आम्हाला विज्ञान.

दोन: लोणारची पुढची सहल मराठी, इतिहास आणि भूगोल या तिन्ही विभागांनी मिळून काढावी. दैत्यसूदनाचे मंदिर पाहावे, लवणासुराची कथा ऐकावी, आणि काठावर उभे राहून पोटॅशियमच्या घड्याळाचीही गोष्ट कोणी तरी सांगावी. कथा आणि घड्याळ यांत भांडण नाही. कथा सांगते की माणसांनी त्या विवराकडे कसे पाहिले. घड्याळ सांगते की ते केव्हा झाले. दोन्ही प्रश्न आपले आहेत. सरोवराचे दगड मात्र कोणी खिशात घालून आणू नयेत.

तीन: ग्रंथालयाच्या दाराजवळ भित्तिपत्रक लावतात, त्याचा एक कोपरा ‘आठवड्याचा शब्द’ म्हणून राखून ठेवावा. भाषा संचालनालयाचा भौतिकशास्त्राचा परिभाषा कोश आहे. त्यातून शब्द घ्यावा आणि आपल्या बोलीत पाच-सहा ओळींत तो समजावून सांगावा. ज्याचा शब्द आपल्या आजीला कळला, त्याला त्या आठवड्याचा मान. कोशातील एखादा शब्द आपल्या कानाला खडबडीत वाटला, तर भाभांनी ‘ट्र’ काढला तसा आपणही नवा सुचवावा. मला विचाराल तर ‘क्षीण बल’ हे नाव सूर्याला नियमात ठेवणाऱ्याला शोभत नाही. याहून बरे नाव कोणाला सुचले, तर त्याचे स्वागत व्हावे.

या तिन्हींना खर्च नाही, परवानगीचे कागद नाहीत. लागतो तो फक्त थोडा संकोच सोडण्याचा धीर. अकरावीच्या उंबऱ्यावर भाषेच्या अडचणीपायी जे ज्ञान आपल्या हातून सुटले, ते पदवीच्या वर्गात भाषेच्याच बळावर आपण परत मिळवू शकतो. भित्तिपत्रकाचा पहिला शब्द ‘बल’ असावा. तो लिहून देण्याची जबाबदारी मी आजच घेतो. पुढच्या आठवड्याचा शब्द कोण घेतो, ते कळवावे.